दडवलेला अहवाल आणि रझाकारांचा हिशेब

17 सप्टेंबरचा मुक्तिदिन जवळ आला की मराठवाड्यातल्या व्यासपीठांवरून निजामाच्या सशस्त्र पाठीराख्या रझाकारांचा हिशेब चुकता करण्याची भाषा सुरू होते. संभाजीनगरात ती मोठ्या आवाजात होते, लासूर स्टेशनसारख्या बाजारगावात जरा कमी आवाजात, एवढाच फरक. ज्याला उद्देशून हे बोलले जाते तो माणूस बहुधा 1948 नंतर तीस-चाळीस वर्षांनी जन्मलेला असतो. त्याने निजामही पाहिलेला नसतो आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवीही. या भाषेला आता ‘ऐतिहासिक न्याय’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. हिशेब मागण्यात काहीच गैर नाही. पण तो आपण कधी मांडलाच नाही, ही गोष्ट हिशेब मागणारे सांगत नाहीत आणि ‘झाले ते विसरा’ म्हणणारेही सांगत नाहीत.

जुलमी राजवट गेल्यावर मागच्या अत्याचारांचे काय करायचे, या विचाराचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे. न्यूरेंबर्ग आणि टोकियोला जेत्यांनी खटले चालवले. 1983 मध्ये अर्जेंटिनात लष्करशाही कोसळली, बेपत्ता माणसांचा शोध घेणारा आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल छापून निघाला आणि 1985 मध्ये लष्करशहा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. इथपर्यंत वाद नाही. घोटाळा होतो तो दक्षिण आफ्रिकेपाशी. मंडेला आणि टुटू यांनी शिक्षेचा नाद सोडून क्षमेचा मार्ग धरला, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. कोणी ते कौतुकाने लिहितो, कोणी कुत्सितपणे. प्रत्यक्षात तिथली माफी सरसकट नव्हती. प्रत्येकाने स्वतः अर्ज करायचा, कृत्य राजकीय हेतूने केल्याचे दाखवायचे आणि काय केले ते पूर्ण सांगायचे. सात हजारांहून अधिक अर्ज आले, त्यांतले बहुसंख्य फेटाळले गेले. उलट 1977 मध्ये स्पेनने फ्रँकोच्या काळातल्या गुन्ह्यांना माफी दिली तेव्हा कोणाकडून काहीच वदवून घेतले नव्हते. म्हणजे 1995 मध्ये दक्षिण आफ्रिकेने हा मार्ग धरल्यानंतरचा खरा बदल हा, की गप्प राहण्याच्या बदल्यात मिळणारी माफी आता बोलण्याच्या बदल्यात मिळू लागली. शिक्षा की क्षमा, हा वाद त्यापुढे दुय्यम आहे.

या मापाने निजामाच्या हैदराबाद संस्थानाकडे पाहावे. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय लष्कराने संस्थान ताब्यात घेतले, त्या पोलीस ॲक्शननंतर रझवीवर खटला चालला आणि शिक्षा झाली, पण ती बीबीनगर प्रकरणातल्या ठरावीक गुन्ह्यांची. रझाकारी या व्यवस्थेचा जाबजबाब कोणत्याच कोर्टात झाला नाही. 1957 मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. निजामाचा पंतप्रधान लायक अली त्याआधीच नजरकैदेतून निसटला होता. आणि ज्याच्या सत्तेच्या छायेत हे घडले तो निजाम 1956 पर्यंत राजप्रमुख म्हणून मिरवत राहिला. दुसरीकडे, कारवाईच्या वेळी आणि नंतर मुसलमानांवर जो सूड उगवला गेला, त्याची पाहणी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने 1948 च्या अखेरीस केली. 27 ते 40 हजार माणसे मेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सर्वांत होरपळलेले. औरंगाबाद, म्हणजे आजचे संभाजीनगर, त्यानंतरच्या गटात. अर्जेंटिनाच्या पस्तीस वर्षे आधी आपल्याकडे सत्यशोधन झाले होते. सरकारने ते कपाटात ठेवले. लोकांच्या हाती पूर्ण अहवाल पडला तो 2013 च्या सुमारास.

अहवाल दडपल्याने फक्त मुसलमानांवर अन्याय झाला, हा समज मला अपुरा वाटतो. एका बाजूची नोंद दाबायची तर दुसऱ्या बाजूची उघडपणे घेता येत नाही, कारण पहिल्या बाजूचा प्रश्न लगेच उभा राहतो. रझाकारांनी जाळलेली गावे, लुटलेली घरे, मारलेली माणसे यांचीही गावनिहाय अधिकृत यादी झाली नाही. पुढे स्वातंत्र्यसैनिकांना सन्मानपत्रे आणि पेन्शन देताना जुन्या सहकाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांवर भिस्त ठेवावी लागली, आणि बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे कोर्टापर्यंत गेली. नोंद नसली की घोषणेला मोकळे रान मिळते. रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये मारले गेलेले ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान त्या घोषणेत बसत नाहीत, शेजारच्या मुसलमान विणकरांना वाचवणारे हिंदू विणकर सुंदरलाल समितीला भेटले होते, तेही बसत नाहीत.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. गांधीजींची हत्या ताजी होती, काश्मिरात लढाई चालू होती, तेलंगणात सशस्त्र उठाव होता. तेव्हा अहवाल छापला असता तर आगीत तेल पडले असते. पडले असते, मान्य. पण ही सबब पाच-दहा वर्षे पुरते, पासष्ट नाही. दुसरा आक्षेप असा की दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की राजाश्रयाने चाललेला जुलूम आणि त्याची प्रतिक्रिया एकाच पारड्यात पडतात. तसे होत नाही. सुंदरलाल समितीनेही सुडाच्या मागे रझाकारांचे अत्याचार होते हे नोंदवलेच आहे. कोणी, कोठे, कोणाच्या आधाराने काय केले हे लिहिल्यावरच फरक दिसतो. समितीचे आकडे अंदाजाचे, दौरा थोडक्या दिवसांचा, हेही खरे. म्हणून तर पुढची चौकशी हवी होती.

महाराष्ट्र सरकारने सुंदरलाल अहवाल, रझवीच्या खटल्याची कागदपत्रे आणि रझाकारांच्या अत्याचारांच्या उपलब्ध तक्रारी मराठीत एकत्र छापाव्यात आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात ठेवाव्यात. 17 सप्टेंबरच्या मंडपाच्या खर्चात हे सहज बसेल.