तिसऱ्या पाळीतील अनंतकाळ



काही दिवसांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक बंधू मला भेटले. चाकण भागातल्या एका कारखान्यात ते सुपरवायझर आहेत. त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे.

त्यांच्याकडे जुने पॉवर प्रेस आहेत. अशा प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे दाबली, तरच प्रेस खाली येतो. म्हणजे हात डायमध्ये राहू शकत नाहीत. पण एक बटण दाबून बांधून ठेवले, तर एक हात मोकळा होतो आणि माल भराभर निघतो. ते म्हणाले, "फादर, महिनाअखेर आली की वरून सांगतात, बांधा. नाही म्हटलं तर माझी नोकरी जाईल, हो म्हटलं तर कॉन्ट्रॅक्टवरच्या एखाद्या पोराची बोटं. तुम्ही प्रवचनात सार्वकालिक जीवन सांगता. तिसऱ्या पाळीत त्याचा काय उपयोग?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही.

आपल्याला वाटते, अनंतकाळ म्हणजे मरणानंतर सुरू होणारा, कधी न संपणारा काळ. जणू निवृत्तीनंतरची पेन्शन. आज त्याचा विचार कशाला? सहाव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्ववेत्ता बोएथियस याने तुरुंगात, मरणाच्या छायेत यावर चिंतन केले. त्याच्या मते देवापाशी काल, आज आणि उद्या असे तुकडे नाहीत. सारे जीवन त्याच्यापुढे एकदमच हजर असते. हे खरे असेल, तर आपला एकही क्षण देवासमोरून निघून जात नाही. रविवारी दहा वाजता आपण अल्तारासमोर गुडघे टेकतो, तो क्षण आणि पहाटे तीन वाजता बटण बांधले जाते, तो क्षण, दोन्ही त्याच्यापुढे सारखेच उघडे आहेत.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय आठवा. न्यायाच्या वेळी प्रभू विचारतो ते भुकेबद्दल, तहानेबद्दल, उघड्या अंगाबद्दल, आजाऱ्याबद्दल. साऱ्या या नाशवंत देहाच्या गोष्टी! शाश्वताचा निवाडा नाशवंताशी आपण कसे वागलो यावर होतो. महिन्याचे टार्गेट एक तारखेला कुणाला आठवत नाही. पण प्रेससमोर उभा असलेला, कदाचित बीडहून किंवा बिहारहून आलेला तो मुलगा देवाला कायमचा ठाऊक आहे.

स्वर्गाकडे डोळे लावणारा माणूस पृथ्वीकडे दुर्लक्ष करतो, असा आरोप आपल्यावर होतो. तो कधीकधी खराही असतो. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितले, की नव्या पृथ्वीच्या आशेने या पृथ्वीची काळजी कमी होऊ नये, उलट वाढावी.

आता अवघड भाग. "नाही म्हणा," असे सांगणे मला सोपे आहे. माझ्या डोक्यावर घराचा हप्ता नाही, मुलांची फी नाही. एकटा माणूस नकार देतो तेव्हा तो एकटाच भरडला जातो. म्हणून हा प्रश्न त्या बंधूंचा एकट्याचा नाही, साऱ्या धर्मग्रामाचा आहे. आपल्यात निवृत्त कामगार आहेत, युनियनमध्ये आयुष्य घालवलेले आहेत, मोठ्या पदांवरचे अधिकारीही आहेत. पुढच्या रविवारी मिस्सानंतर अर्धा तास थांबाल का? काय करता येईल, कुणाशी बोलता येईल, हे एकत्र ठरवू. आणि खरे बोलल्यामुळे कुणाच्या घरची चूल थंडावली, तर ती पेटती ठेवणे आपले काम आहे. तेवढे केले नाही, तर सार्वकालिक जीवनावर बोलण्याचा मलाही अधिकार राहत नाही.

त्या बंधूंचा निर्णय अजून झालेला नाही. त्यांच्यासाठी आणि त्या प्रेससमोरच्या मुलांसाठी प्रार्थना करा.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू