अभय : दैवी संपत्तीचे पहिले लक्षण



श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्णांनी दैवी संपत्तीची लक्षणे सांगितली आहेत. दान, यज्ञ, तप, अहिंसा, सत्य ही सर्व त्यांत आहेत. परंतु आरंभीचा शब्द आहे ‘अभय’. ज्याच्या अंतःकरणात भय वसते, त्याचे सत्य ओठांवरच अडते आणि त्याचे दानही पुष्कळदा भीतीपोटीच घडते. श्रीचरणी श्रीफळ ठेवताना आपण धन मागतो, संतती मागतो, आरोग्य मागतो. अभय मागणारा विरळाच.

आपली ही भूमी या गुणाला पारखी नाही. गोंदियाजवळील कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. त्यांचा पराभव झाला, जमीनदारी गेली. तलवारीचे हे धैर्य वंदनीयच आहे. तथापि त्याहून अवघड असे धैर्य विदर्भाने १९४२ मध्ये पाहिले.

बालाजीच्या घोडायात्रेमुळे चिमूर हे नाव आपणांस परिचित आहेच. त्या वर्षी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज चातुर्मासानिमित्त तेथे होते. त्यांच्या खंजिरीच्या तालावर गावोगावचे लोक जागे झाले. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा धारातीर्थी पडला. संतप्त जमावाच्या हातून काही सरकारी अधिकारी व पोलीसही मारले गेले. हे सांगताना संकोच वाटतो, परंतु झाकणे योग्य नव्हे. क्रोध आणि धैर्य यांतील भेद त्याविना उमजत नाही.

त्यानंतर चिमुरात गोरे सैनिक उतरले. शेकडो पुरुषांना पकडून नेण्यात आले. घरांत उरल्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध. त्या दिवसांत स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांचे वर्णन या पवित्र स्थानी करीत नाही. नागपूरहून काही भगिनी चौकशीसाठी आल्या, तेव्हा चिमूरच्या स्त्रियांनी घडलेले सारे त्यांना सांगितले. वाचकहो, क्षणभर विचार करावा. १९४२ सालचे खेडे, तुरुंगात गेलेला धनी, गावात पहारा, आणि कुळाच्या अब्रूचे ओझे सर्वस्वी स्त्रीच्याच शिरावर. मौन पाळले असते तर कोणी दोष दिला नसता. तरी त्या बोलल्या. ‘अभय’ या शब्दाचा अर्थ आम्हांस तरी भाष्यग्रंथांपेक्षा येथे अधिक स्पष्ट झाला.

तुकडोजी महाराजांनाही २८ ऑगस्ट रोजी चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. ज्या संताने आयुष्यभर भजनाखेरीज दुसरे शस्त्र हाती धरले नाही, त्याचे सरकारला एवढे भय वाटावे!

चिमूरच्या स्त्रियांची ती साक्ष वाया जाऊ नये म्हणून एक तपस्वी पुढे आले. प्राध्यापक भन्साळी हे महात्मा गांधींचे आश्रमवासी. पूर्वी त्यांनी अनेक वर्षे मौनव्रत पाळले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असलेल्या लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे दिल्लीस जाऊन त्यांनी चौकशीची मागणी केली. ती मान्य होईना, तेव्हा ११ नोव्हेंबर १९४२ पासून त्यांनी उपोषण आरंभिले. चिमूरकडे पायी निघाले असता त्यांना धरून सेवाग्रामला परत आणण्यात आले. उपोषण मात्र चालूच राहिले. वृत्तपत्रांना या विषयावर लिहिण्यास मनाई झाली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपले अंक बंद ठेवले.

स्वतःच्या घरातील कोणी नव्हे, ओळखीचेही कोणी नव्हे. दूरच्या एका गावातील परक्या लेकीसुनांसाठी हा मनुष्य त्रेसष्ट दिवस अन्नावाचून राहिला. १२ जानेवारी १९४३ रोजी उपोषण सुटले, आणि चिमूरच्या वार्तेवरील बंदी उठली.