स्वच्छ टोकियोमागचं भांडण

जपानहून परतलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं : शिस्त त्या लोकांच्या रक्तातच आहे. साकुराच्या मोसमात टोकियो-क्योतो पाहून येणाऱ्यांनी जे पाहिलेलं असतं ते खोटं नसतं. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही. कचराकुंडीही दिसत नाही, रिकामी बाटली दिवसभर पिशवीत वागवावी लागते. माझा आक्षेप या निरीक्षणाला नाही, त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे. ‘रक्तातच आहे’ म्हटलं की त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलेली खटपट पुसली जाते आणि आपल्यालाही काही करायचं उरत नाही.

कुंड्यांचंच घ्या. 20 मार्च 1995 रोजी ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. माणसं मेली, हजारोंना बाधा झाली. पुन्हा घातपात होईल या धास्तीने स्थानकांतल्या आणि सार्वजनिक जागांतल्या कुंड्या मोठ्या प्रमाणावर हलवल्या गेल्या. प्रवासी ज्याला प्राचीन संस्कार समजतो, त्यातला एक भाग असा कालपरवाचा आहे आणि भीतीतून आलेला आहे.

आणखी थोडं मागे गेलं तर आजच्या पर्यटकाला ओळखू न येणारं टोकियो भेटतं. 1964च्या ऑलिंपिकआधी सुमिदा नदीला दुर्गंधी येत होती. रस्त्याकडेच्या लाकडी कचरापेट्या काढून झाकणाच्या प्लास्टिक बादल्या वापरा, असं नागरिकांना सांगावं लागत होतं. शहराचा कचरा जायचा पूर्वेकडच्या कोटो प्रभागात, खाडीत भर घालून केलेल्या युमेनोशिमा नावाच्या बेटावर. 1965च्या उन्हाळ्यात तिथे माश्यांची इतकी पैदास झाली की त्यांचे थवे आसपासच्या वस्तीत आणि शाळांत घुसले. औषधफवारणी पुरेना, तेव्हा बेटावरच्या कचऱ्याला चक्क आग लावून माश्या माराव्या लागल्या.

कोटोचे लोक गप्प बसले नाहीत. दुसऱ्यांच्या घरातला कचरा आमच्या दारात का, हा त्यांचा साधा सवाल होता. 1971 साली टोकियोचे गव्हर्नर मिनोबे र्‍योकिची यांनी ‘कचरायुद्ध’ जाहीर केलं. ज्या प्रभागाचा कचरा, त्याची विल्हेवाट त्याच प्रभागात, हे त्यामागचं तत्त्व. ते सगळ्यांना पटलं. फक्त कचराभट्टी आपल्या शेजारी नको होती. पश्चिमेकडच्या सुगिनामी या सुखवस्तू प्रभागात ताकाइदो इथे भट्टीची जागा ठरली, तशी तिथल्या रहिवाशांनी कडवा विरोध केला. मग कोटोने सुगिनामीच्या कचरागाड्या अडवल्या. कचरा जिथे तयार झाला तिथेच साचू लागला. अखेर न्यायालयात 1974 साली तडजोड झाली आणि पुढे सुगिनामीत भट्टी उभी राहिली. ज्यांनी विरोध केला त्यांचंही ऐकलं गेलं, पण भट्टी टळली नाही.

आज टोकियोतल्या इकेबुकुरोच्या भर गर्दीत 210 मीटर उंचीचं कचराभट्टीचं धुराडं उभं आहे. पर्यटक त्याच्या आसपास खरेदी करतात, पण त्याचा फोटो सहसा कोणाच्या अल्बममध्ये नसतो. मला ते धुराडं देवळाइतकंच पाहण्यासारखं वाटतं, कारण श्रीमंत-गरीब सगळ्या प्रभागांनी आपापला कचरा आपल्या डोळ्यांसमोर ठेवायचा, हे तत्त्व तिथे विटा-सिमेंटात उभं आहे. युमेनोशिमावर आता उद्यान आहे. तिथल्या उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या काचघराला शेजारच्या भट्टीतून ऊब मिळते.

यावर कोणी म्हणेल, जपानी मुलं शाळेत स्वतः फरशी पुसतात, ते तरी संस्कारच ना? संस्कार आहेतच. पण ते वेळापत्रकात बसवलेले आहेत, रोज, सगळ्या मुलांसाठी, वर्गापासून जिन्यापर्यंत. आपल्याकडे हीच गोष्ट अवघड का जाते, याचं उत्तर शिस्तीच्या अभावात शोधणं ही पळवाट आहे. कचरा उचलणं हे आपण ठरावीक जातींच्या माथी मारलं, आणि उरलेल्यांना तो टाकण्याची मुभा दिली. गाडगेबाबांनी गावोगाव खराटा हाती घेतला तो या मुळावर घाव घालण्यासाठीच. त्यांचं नाव अभियानांना देणं आपल्याला जमलं.

जपानची प्रत्येक शिस्त उचलण्याजोगी आहे, असंही मी म्हणत नाही. सेकंदावर चालणाऱ्या गाड्यांचं कौतुक करताना 25 एप्रिल 2005चा आमागासाकीचा अपघात आठवावा. सुमारे दीड मिनिट मागे पडलेली लोकल, 23 वर्षांचा मोटरमन, वळणावर मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला वेग. त्याच्यासह 107 माणसं गेली. चुकलेल्या चालकांना ‘प्रशिक्षणा’च्या नावाखाली अपमानित करण्याच्या पद्धतीवर त्यानंतर देशभर टीका झाली. शिस्त जर रक्तातूनच आली असती, तर ती राखायला इतकी दहशत लागली नसती.

म्हणून प्रवाशाने फक्त स्वच्छ रस्ता पाहून परतू नये, त्या रस्त्यासाठी कोण कोणाशी भांडलं हेही विचारावं. कोटोने विचारलेला प्रश्न, पुण्याचा कचरा ज्यांच्या दारात गेला ते उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे गावकरी पुण्याला कित्येक वर्षं विचारत आले आहेत. त्यांनीही गाड्या अडवल्या, शहरात कचरा साचला, आणि दर वेळी शहराची पहिली चिंता गाड्या पुन्हा कधी सुरू होतील हीच राहिली. जपान पाहून आलेल्या पुणेकराने आपल्या प्रभागात कचरा प्रकल्पाची जागा निघेल तेव्हा विरोधाच्या अर्जावर सही करायची की नाही, हे ठरवताना सुगिनामी आठवावं.