उसनी तसबीर

दुसऱ्याची गोष्ट घेऊन रचलेले नाटक त्याचे म्हणावे की आपले? हा प्रश्न मला आमच्या कऱ्हाडच्या शाळेतल्या एका पोराने विचारला. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मुळात फ्रेंच आहे, असे मी वर्गात सहज बोलून गेलो होतो. पोरगा उठून म्हणाला, “गुरुजी, आम्ही शेजाऱ्याचे गणित उतरवले की तुम्ही बाकावर उभे करता. मग देवलांना का नाही?” वर्ग हसला, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

गोष्ट खरोखरच उसनी आहे. पॅरिसला मोलिएरने १६६० साली एक लहानसे प्रहसन केले: एका मुलीला भोवळ येते, तिच्या प्रियकराची तसबीर खाली पडते, आणि ती तसबीर ज्याच्या त्याच्या हाती जाऊन दोन जोडप्यांत संशयाचा धुमाकूळ माजतो. शंभर वर्षांनी, १७६१ साली, मर्फी नावाच्या नाटककाराने इंग्रजीत तो पसारा वाढवला. तिथून १८९३च्या सुमारास देवलांनी गद्य ‘तसबिरीचा घोटाळा’ लिहिला, आणि आयुष्याच्या अखेरीस त्यात पदे घातली. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने हे संगीत नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्व रेवती झाले आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. देवल मात्र त्याच वर्षी जूनमध्ये निवर्तले.

आमच्या गावाजवळ कोयनेला पोटात घेऊन कृष्णा पुढे निघते, ती सांगलीजवळ हरिपूरला वारणेला भेटते. त्या हरिपूरचे हे देवल. मॅट्रिक झालेले, बेळगावला काही काळ मास्तरकी केलेले. मीही मॅट्रिक आणि मास्तर, तेव्हा त्यांची बाजू घेण्यात माझा थोडा पक्षपात असेल, तो वाचकांनी पोटात घालावा.

पण पात्रांची नावे तर पाहा! पुरुष सगळे महिन्यांचे: फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, गडी भादव्या. बायका नक्षत्रांच्या: कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. बरे, पंचांग उघडले तर कृत्तिका पडते कार्तिकाच्या वाट्याला, आणि इथे ती संसार करते फाल्गुनरावाशी! बिचाऱ्याला संशय येणारच. उलट रेवती हे शेवटचे नक्षत्र आणि अश्विनी पहिले. चक्र पुरे झाले की ती दोघे शेजारी येतात. हे आपोआप जुळले असे मला वाटत नाही. ही थट्टा मोलिएरला सुचण्याजोगी नव्हती. ती ज्याच्या घरी खुंटीला पंचांग टांगलेले असते त्यालाच सुचावी.

ही झाली गंमत. खरी मेख रेवतीत आहे. मोलिएरची नायिका चांगल्या घरची. बापाने दुसरे स्थळ पाहिले, एवढेच तिचे दुःख. देवलांची रेवती नायकिणीच्या घरची आहे, आणि अश्विनशेट तिच्याशी लग्न करू म्हणतो. कृत्तिकेवरचा संशय तसबिरीचा उलगडा झाला की फिटतो. रेवतीवरचा संशय तिच्या जन्माबरोबर आलेला. तो फेडायला कोणती तसबीर आणून दाखवायची? ‘शारदा’ लिहिणाऱ्या माणसाने हसता हसता हा काटा त्या परक्या गोष्टीत रोवला. मी त्या पोराला म्हणालो, “बाबा रे, तू शेजाऱ्याचे उत्तर उतरवतोस. देवलांनी गणित घेतले आणि ते आपल्या घरच्या पाटीवर सोडवले.”

मात्र घेतले ते घेतले म्हणावे, एवढा सचोटीचा आग्रह मी धरतोच. आमच्या संगीत नाटकासारखा, बोलता बोलता गाण्यात शिरणारा प्रकार पॅरिसलाही होता. तिथे १८७५ साली, म्हणजे किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’च्या पाच वर्षे आधी, बिझेचे ‘कारमेन’ झाले. कथा मेरिमेची. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची चाल बिझेने स्पॅनिश लोकगीत समजून घेतली होती. ती इरादिएर नावाच्या संगीतकाराची आहे असे कळल्यावर त्याने छापील प्रतीत तशी नोंद केली. त्याने त्याचे काय कमी झाले? गाणे आजही ‘कारमेन’चेच म्हणून गातात.

पण नोंद करायची कुठे, असा पेच माझ्यासारख्यापुढे असतो. मी कादंबऱ्या लिहितो. माणसे आणू कुठून? मंडईतली, घाटावरची, गल्लीतली येतात; कुणाचे बोलणे, कुणाचे दुःख. मोलिएरचे नाव सांगता येते, पण शेजारणीचे नाव छापले तर तिची अब्रू जाते आणि झाकले तर तिचे देणे राहते. या दोन्हींतून सुटण्याची वाट मला अजून सापडलेली नाही. मी एवढेच ठरवले आहे, की कुणी तोंडावर विचारले तर नाही म्हणायचे नाही.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीला तिच्या नातीने माझी कादंबरी वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी. “मास्तर, ही माझीच गोष्ट ना?”

“होय आजी,” मी म्हणालो.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सगळं खरं लिहिलंत. पण माझ्या सासूला एवढी गोड कशापायी केलीत?”