धक्के जमिनीचे, प्रश्न भिंतींचा

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांची भूकंपाच्या धक्क्यांनी झोप उडाली. धुंदलवाडीचं नाव तोवर तालुक्याबाहेर फारसं कुणी ऐकलं नव्हतं, ते रोज बातम्यांत येऊ लागलं. धक्के लहान होते. बहुतेक तीन तीव्रतेच्या आतले, मोठ्यांतले मोठे चारच्या जरासे वर. पण त्यांचा उगम उथळ असल्यामुळे हादऱ्याबरोबर सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा आणि त्या आवाजालाच माणसं घराबाहेर धावायची. त्या थंडीत कुटुंबंच्या कुटुंबं प्रशासनाने दिलेल्या तंबूंत झोपली. शाळा वर्गाबाहेर भरल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये अशाच एका धक्क्याच्या वेळी पळताना एक लहान मुलगी पडली आणि डोक्याला मार लागून दगावली.

शास्त्रज्ञ या प्रकाराला भूकंपांचा थवा म्हणतात. एक मोठा धक्का आणि मागोमाग लहान, असा क्रम त्यात नसतो. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं लहान धक्केच येत राहतात. दख्खनच्या काळ्या कातळाखाली जुन्या भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यांत मुरून दाब वाढतो आणि भेगा सरकतात, असं एक स्पष्टीकरण पुढे आलं आहे. भातसा धरणाच्या परिसरातही १९८३ मध्ये असेच धक्के बसले होते. बहुतेक थवे काही काळाने शांत होतात, हेही खरं.

मात्र एक समजूत गावोगाव ऐकू येते आणि शिकलेली माणसंही ती बोलून दाखवतात: लहान धक्के बसतात ते बरंच, त्यातून जमिनीतला जोर निघून जातो. हिशेब मांडला की ही समजूत टिकत नाही. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. म्हणजे सहा तीव्रतेच्या एका भूकंपाची ऊर्जा चार तीव्रतेच्या हजार धक्क्यांएवढी होते. एवढा जोर लहान धक्क्यांनी कधी निघायचा? किल्लारीच्या परिसरात ऑक्टोबर १९९२ मध्ये असेच लहान धक्के बसले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोठ्या भूकंपाने तिथे काय झालं ते महाराष्ट्राला सांगायला नको. तेव्हाच्या नकाशात तो भाग देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. एवढ्यावरून पालघरला किल्लारी होईल, असं कुणी म्हणू नये. तसं सांगता येईल असं शास्त्र आज कुणाकडे नाही. पण होणारच नाही, असंही छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही.

मग आपल्या हातात उरतं ते घर. किल्लारीत मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद होतं. भिंती आडव्या झाल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. डहाणूकडचं वारल्यांचं जुनं घर याच्या अगदी उलटं आहे. लाकडी खांब, कारवीच्या काठ्या बांधून केलेला कुड, त्यावर शेणमातीचा गिलावा. असा कुड हलतो, लवतो, त्याचा गिलावा झडतो. पण तो दगडाच्या भिंतीसारखा माणसाला चिरडत नाही. गरिबीची खूण म्हणून आपण ज्याकडे पाहिलं, त्या घराला भूकंपाचा अर्थ कळला होता.

आता कुडाच्या जागी सरकारी योजनेतलं घरकुल येतं आहे, आणि ते यायलाच हवं. पावसात गळणाऱ्या, दर वर्षी लिंपाव्या लागणाऱ्या घरात कुणी का राहावं? पण सपाटीवरच्या घरकुलाला मूळ सरकारी मदत एक लाख वीस हजारांची. वाळू, सिमेंट, पाड्यापर्यंतची वाहतूक यात पैसे संपतात आणि काटकसर होते ती न दिसणाऱ्या जागी. भिंत उभी राहते, दारावर सुटी लिंटेल पडते, खिडकीवर दुसरी, आणि त्यांच्या मधल्या भिंतीत सळी नसते. धक्का बसला की अशा खोलीच्या चार भिंती चार दिशांना हलतात आणि कोपऱ्यात उभी भेग पडते. ती भेग हा पहिला इशारा. नुसती सिमेंटने बुजवली, तर पुढच्या वेळी तिथेच फाटते.

यावरचा उपाय गवंड्याला नवा नाही. दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींवर सलग फिरणारा, किमान तीन इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा, त्यात दोन सळ्या आणि त्यांना बांधणाऱ्या कड्या. कोपऱ्यात सळी तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. कोपऱ्यांत जोत्यापासून छतापर्यंत एकेक उभी सळी. भारतीय मानकांत हे कधीचं लिहून ठेवलेलं आहे.

किनाऱ्याकडे प्रश्न निराळा आहे. विरार-नालासोपाऱ्याच्या दाटीत किती इमारती कागदोपत्री मंजूर आणि किती नुसत्या उभ्या, हे तिथे राहणारी माणसं जाणून आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची एक इमारत भूकंप नसतानाच कोसळली. २००१ च्या भूजच्या भूकंपाने तिथून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पाडल्या. त्यांतल्या कित्येकींच्या तळमजल्यावर नुसत्या खांबांवर उभं पार्किंग होतं. अशा इमारतीत राहणाऱ्याने धक्का बसत असताना जिन्याकडे धावू नये. भक्कम टेबलाखाली डोकं झाकून बसावं आणि हादरा थांबल्यावर खाली उतरावं. पाड्यावरच्या बैठ्या घराचं दार दोन पावलांवर असेल, तर मोकळ्यावर निघणंच ठीक. दोन्हीकडे एकच पत्रक वाटून भागणार नाही.

घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर सुटतात आणि त्यासाठी घराचे फोटो काढले जातात. पालघर जिल्ह्यापुरता एक नियम करावा: लिंटेलच्या टप्प्यावरच्या फोटोत सलग पट्टा आणि कोपऱ्यात वळवलेली सळी दिसलीच पाहिजे. त्याचा खर्च मात्र लाभार्थ्याच्या माथी मारू नये. सळी आणि सिमेंटची ती जादा रक्कम सरकारने वेगळी द्यावी, आणि पाड्यापाड्यावरच्या गवंड्यांना हे काम हाताने करून दाखवावं. मोठा धक्का कधी येईल हे कुणाला ठाऊक नाही. पण घरं आज बांधली जात आहेत.