माळावर दगड रचायला निघालेल्या भाच्यास

माधवनगर

चि. बाळ,

दिवाळी आटोपली की तू बाणूरगडाच्या बाजूला वाटांच्या दुरुस्तीच्या आणि दगडी बांधांच्या कामावर जाणार, मृगाच्या तोंडापर्यंत तिकडेच राहणार, असं ताईनं सांगितलं. तिला काळजी वाटते. मला आनंद झाला. म्हणून हे चार शब्द.

आपण कृष्णाकाठची माणसं. खानापूर, आटपाडी, जत आणि पलीकडचं माण-खटाव हा मुलूख वेगळा. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलीमीटरच्या वर पाऊस, तर माणात जेमतेम 500 च्या आसपास. पण पाऊस थोडा म्हणून बांध हलका चालेल, असं मनात आणू नकोस. तिथली जमीन उघडी, खाली मुरूम आणि काळा पाषाण. पाणी मुरायला सवड मिळत नाही. परतीच्या पावसाची एकच जोराची सर आली की कोरडी घळ तासाभरात दगडगोटे घेऊन धावते. तुझं काम त्या एका तासासाठी आहे. बाकीचं वर्षभर कसलाही बांध उभाच दिसतो.

म्हणून आधी पाण्याची वाट बघ, मग दगडाला हात लाव. अनगड दगडी बांध घालताना मधला भाग काठांपेक्षा खाली ठेव, म्हणजे पाणी मधूनच सांडेल. दोन्ही टोकं काठात चांगली आत घुसव. बांध मधे फुटत नाही, बगलेनं फुटतो. पाणी पडतं तिथे खालच्या अंगाला मोठे धोंडे पसर, नाहीतर पायाच उकरला जाईल. एकच उंच बांध घालण्याचा मोह आवर. कंबरेपेक्षा कमी उंचीचे बांध ओळीनं घाल, असे की खालच्याचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत येईल.

रचताना दगडाचं शेपूट आत गेलं पाहिजे. लांबट दगड आडवा लावला की दर्शनी तोंड मोठं दिसतं, मोजमापाला काम भराभर सरकतं आणि पहिल्या लोंढ्यात तोच दगड आधी सुटतो. सांध्यावर सांधा येऊ देऊ नकोस. दगड हलतो का ते पायानं दाबून बघ. हलत असेल तर मागून चिपा ठोक, पुढून नको. पोटातली भर हातानं बसव. पाटीनं ओतलेली भर खाली बसते आणि भिंत फुगते. हे मोजमाप घेणाऱ्याला दिसत नाही. तुला दिसतं, तेवढं पुरे.

वाटेचंही तसंच. वाट माणसाच्या पायानं थोडी आणि पाण्यानं फार झिजते. चढाच्या वाटेवर ठरावीक अंतरानं तिरका दगडी थर बसवून पाणी उताराच्या बाजूला काढून दे. पायरी बसवताना वरच्या पायरीचा पुढचा भाग खालच्या पायरीच्या मागच्या भागावर टेकलेला असू दे. गडाच्या तटाबुरुजाचा दगड मात्र कितीही सुटा पडलेला दिसला तरी उचलू नकोस. बाणूरगड म्हणजे जुना भूपाळगड. बहिर्जी नाइकांची समाधी तिथे आहे. तिथलं काही हलवायचं तर जाणकारांनी, रीतसर परवानगी घेऊन.

टोळीत वडार समाजातला एखादा वयस्क कारागीर असेल, तर संध्याकाळी त्याच्याजवळ बस. सुतकीचा घाव कुठे घातला की दगड हवा तसा उलेल, हे त्याला दगडाच्या आवाजावरून कळतं. तुझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात ते नाही. 2018 साली युनेस्कोनं युरोपातल्या कोरड्या दगडी बांधकामाची कला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे हीच कला अंगी असलेला माणूस दिवसाच्या हजेरीवर राबतो आणि त्याचं नाव कुठल्याच फलकावर येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. तू तरी त्याला नावानं आणि अहोजाहो करून बोल.

1972 च्या दुष्काळात याच पट्ट्यात हजारो माणसं खडी फोडायला बसली होती. आपल्या जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. गावानं एकदिलानं श्रमदान केलं तर काय होतं, हे माणातल्या टाकेवाडीनं 2018 च्या वॉटर कप स्पर्धेत पहिलं येऊन दाखवलं. तू जातोयस त्या कामामागे एवढं मोठं घराणं आहे.

आता अंगाचं. दगड हातानं उलटू नकोस. पहारीनं पलीकडची कड उचल आणि दगड आपल्याकडे ओढ, म्हणजे खालची फट तुझ्यापासून लांब उघडेल. फुरसं आणि विंचू तिथेच असतात. कुणाला साप चावला तर दोरी आवळणं, चिरा देणं काही करायचं नाही. चावलेला अवयव हलू न देता थेट दवाखाना. विंचवालाही मंत्र नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून कितीतरी जीव वाचलेत, पण वेळेत पोचलेल्यांचेच. घण चालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच. फाल्गुनानंतर उजाडायच्या आत काम सुरू करा, अकराला थांबा. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, सोबत मीठ-साखर.

रुजू होण्याआधी मुकादमाला तीन गोष्टी विचार. हजेरीपुस्तक कोण ठेवतं, जखमी माणसाला न्यायला गाडी कुठे उभी असते, आणि पाण्याचा टँकर चुकला तर दुसरी सोय काय. यांतल्या एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर परत ये, दुसरं काम शोधू. निघण्यापूर्वी धनुर्वाताचं इंजेक्शन घे आणि माझी जुनी पहार इथून घेऊन जा. बाजारातली नवी लवकर वाकते.

तुझा,
मामा