पळीतला लेप

काल पायरी चुकली आणि घोटा मुरगळला. संध्याकाळी आईनं सहाणेवर आंबेहळद उगाळली, पळीत गरम केली आणि सोसेल इतकी ऊन असतानाच बोटानं लेप दिला. आज पहाटे पाहिलं तर लेप वाळून भेगाळलेला. ठणका उतरलाय, सूज मात्र आहे.

त्या सुजेकडेच बघत बसलो. आपण तिला दुखणं समजतो. खरं तर ती शरीराची धावपळ. मार लागला की तिथल्या रक्तवाहिन्या सैलावतात, पाझरतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात. कुणी पडलं की सगळी आळी धावून यावी, तसं. पंचाईत होते ती काम संपल्यावरही मंडळी हलत नाहीत तेव्हा. जुनी सांधेदुखी म्हणजे बरीचशी अशी रेंगाळलेली गर्दी.

रोजच्या हळदीला पिवळेपणा देणारं कुर्क्युमिन ही गर्दी पांगवतं, निदान प्रयोगशाळेतल्या बशीत तरी. पेशीमध्ये सुजेची दवंडी पिटणारं एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन आहे, त्याला ते गप्प करतं. पोटात गेल्यावर मात्र आतडं ते फारसं शोषत नाही, आणि जे शोषलं जातं त्याची यकृत लगेच बोळवण करतं. 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी माणसांना 2 ग्रॅम कुर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते जेमतेम सापडलं. सोबत मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा शोषण वीसपटीनं वाढलं.

आमच्या काढ्यात मिरी असतेच, असं म्हणून लगेच छाती फुगवायला नको. हळदीत कुर्क्युमिन असतं साधारण 3 टक्के. म्हणजे ते 2 ग्रॅम मिळवायला 65-70 ग्रॅम हळद खायची. आमच्या घरी तेवढी महिनाभर पुरते. अर्काच्या कॅप्सूलमध्ये ही मात्रा सहज बसते, पण मग तो स्वयंपाकातला जिन्नस राहत नाही, औषध होतो. अशा कॅप्सूलनंतर काहींच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. सूज उतरवायला घेतलेल्या गोळीनं! शिवाय मिरी यकृताचा हात धरून ठेवते, तो इतर औषधांच्या वेळीही धरलेलाच असतो.

आईची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. भाच्यानं तिला पाठवलेली पिवळी बाटली म्हणूनच डॉक्टरांना दाखवेपर्यंत फडताळात ठेवलीय.

आत सहाणेचा आवाज सुरू झालाय. "पाय धुऊन ये," आई म्हणतेय, "कालचा लेप निघाल्याशिवाय नवा नाही लावायचा."